मातीपासून चौथऱ्यापर्यंत : नाशिकमध्ये स्मारकशिल्पाच्या कामाला लागताना

चौकातल्या पुतळ्याखाली उभं राहून लोक एकच निकाल देतात : चेहरा जमलाय किंवा फसलाय. नवा शिल्पकार हेच ऐकत मोठा होतो आणि सगळी ताकद चेहऱ्यावर लावतो. चेहरा जमायलाच हवा. पण या व्यवसायात माणूस अडकतो तो बहुतेक वेळा बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टींत : सांगाड्यात वाचवलेला पाइप, दोन मिलिमीटर पातळ निघालेलं ब्राँझ, पाणी जायला न ठेवलेलं भोक, तोंडी ठरलेले हप्ते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला तेव्हा अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा गावोगाव झाली. त्याआधी पुतळ्याच्या पोटात काय आहे हे कुणी विचारत नव्हतं. आता विचारतात, आणि उत्तर शिल्पकाराला द्यावं लागतं.

हात बसवणं

शिक्षणाचा सरळ रस्ता मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे जातो. १८५७ पासूनची ही संस्था. म्हात्रे, करमरकर, तालीम आणि आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार, हे मोठे शिल्पकार सगळे तिथलेच. शिल्पकलेची पदवी चार वर्षांची. पदवीशिवाय काम मिळतच नाही असं नाही, पण निविदेत पात्रतेच्या रकान्यात ती उपयोगी पडते.

पदवी घेत असा वा नसा, पहिली दोन वर्षं एकच व्यायाम : जिवंत माणूस समोर बसवून डोकं घडवणं. वीस डोकी झाल्याशिवाय पूर्णाकृतीच्या वाटेला जाऊ नका. माप घेताना कानाचं भोक हा खुंटा धरा. तिथून हनुवटी, नाकाचं टोक, भुवयांचा मध्य आणि केसांची सुरुवात, ही चार अंतरं दोन्ही बाजूंनी कॅलिपरने घ्या. दोन्ही बाजू सारख्या निघत नाहीत. निघाल्या तर माप चुकलंय, कारण माणसाचा चेहरा सरळ रेषेत कापलेला नसतो. साम्य त्या वाकडेपणात असतं. हनुवटीपासून टाळूपर्यंत माणसाचं डोकं साधारण ९ इंच भरतं. छातीपर्यंतच्या अर्धपुतळ्याला ३० ते ४० किलो माती लागते.

वस्त्रांच्या चुण्यांसाठी सिन्नरचं गोंदेश्वर आणि पांडवलेणी पाहण्यासारखी आहेत, पण तिथे वस्त्र शैलीत बसवलेलं आहे. धोतर, उपरणं, नऊवारी खऱ्या माणसाला नेसवून, ओली करून, वाळताना कशी पडतात ते पाहिल्याशिवाय चुणी कळत नाही. चुणी नेहमी कुठल्यातरी हाडावरून किंवा गाठीवरून निघते. जिथून निघते ती जागा सापडली की बाकीचं कापड आपोआप पडतं.

थोरांची कामं प्रत्यक्ष पाहा. करमरकरांचं शिल्प-संग्रहालय अलिबागजवळ सासवण्याला आहे. त्यांचा १९२८ साली उभा राहिलेला पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा तर चारही बाजूंनी फिरून पाहावा. शिर्डीची साईबाबांची संगमरवरी मूर्ती तालीमांची, १९५४ ची. नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. गर्दीत मूर्तीपुढे काही क्षणच मिळतात, तेवढ्यात फक्त बसण्याची ढब बघा : वजन कुठे टाकलंय, गुडघा कुठवर पुढे आलाय.

फोटो हातात आल्यावर

समिती तुम्हाला एक फोटो देईल, बहुतेक वेळा कॅलेंडरवरचा. तो घेऊन बसू नका. संबंधित व्यक्तीचे वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या कोनांतले जितके मूळ फोटो मिळतील तितके जमवा आणि पुतळा कुठल्या वयाचा हे समितीकडून लेखी घ्या. दादासाहेब गायकवाडांचा पुतळा १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातला, तिशीच्या आतला, की नंतरचा खासदार? दोन वेगळे पुतळे होतात.

मग उलटा छापलेला फोटो. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून छापताना उलटं होणं सहज घडायचं आणि तीच प्रत पुढे शंभर ठिकाणी छापली जायची. ओळखायची खूण सोपी : पुरुषी कोटाचा वरचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो आणि डावी बाजू उजवीवर बटणात अडकते. खिसा उजवीकडे दिसला तर फोटो उलटा आहे, म्हणजे भांग, तीळ, वाकडी भुवई सगळंच उलटं. अंगरख्याची गाठ, पगडीचा कल, नऊवारीचा पदर याही गोष्टी समकालीन चित्रावरून तपासा, दुसऱ्याच्या पुतळ्यावरून कधीच नाही. एकाने केलेली चूक दुसरा नेटाने पुढे नेतो, हा आपल्या चौकांचा इतिहास आहे.

चष्मा मातीत घडवू नका. काडी जाड होते. पितळी पट्टी-तारेचा वेगळा करून शेवटी बसवतात.

माती कालवण्याआधीचे कागद

परवानगी मागायची असते ती पुतळा उभारणाऱ्या संस्थेने किंवा महापालिकेने. शिल्पकाराचं ते काम नाही, पण कागद नसले की पैसे शिल्पकाराचे अडकतात. म्हणून आगाऊ रक्कम घेण्याआधी फाइल डोळ्यांखालून घाला. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय मिळवून पूर्ण वाचा. त्यात जिल्हाधिकाऱ्यांची भूमिका, जागेची मालकी, पोलिसांचं ना-हरकत, देखभालीची हमी, २ किलोमीटरच्या परिघात त्याच व्यक्तीचा पुतळा नसणं, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कला संचालनालयाची क्ले मॉडेलला, म्हणजे मातीत घडवलेल्या पुतळ्याला, मंजुरी, हे सगळं आहे. शिवाय सार्वजनिक रस्ता, पदपथ अशा जागी पुतळ्याला परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. ‘चौकाच्या मधोमध बसवू’ असं कुणी उत्साहाने म्हणालं तर आधी हा आदेश दाखवा.

नाशकात आणखी दोन गोष्टी. विकास आराखड्यात त्या रस्त्याचं रुंदीकरण आहे का ते पाहा. सिंहस्थाच्या तोंडावर शहरातले रस्ते आणि चौक बदलतात, आणि हलवलेला पुतळा पुन्हा तसाच बसत नाही. जागा गोदाकाठी असेल तर पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर आखून घ्या. पूर कुठवर येतो हे नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतात, पण अभियंत्याला आकडा लागतो.

लहान प्रतिकृती आणि उंचीचं गणित

१८ ते २४ इंचांची प्रतिकृती, म्हणजे मॅकेट, आधी करा. पुतळ्याची ढब इथेच ठरते. मोठ्या मातीत ढब बदलणं म्हणजे सांगाडा कापणं.

उघड्यावर खऱ्या मापाचा माणूस बुटका दिसतो. म्हणून सव्वापट ते दीडपट घेतात, आणि ‘९ फुटी पूर्णाकृती’ हे माप वरचेवर विचारलं जातं. उंची दीडपट झाली की पृष्ठभाग सव्वादोनपट आणि घनफळ जवळजवळ साडेतीनपट होतं. माती घनफळाने लागते, ब्राँझ पृष्ठभागाने. नवखे दर सांगताना दोन्ही दीडपट धरतात आणि तिथेच घरचे पैसे घालायची वेळ येते. दीडपट पुतळ्याला अंदाजे ५०० ते ६०० किलो ओली माती बसते आणि ६ ते ८ मिलिमीटर जाडीने ओतला तर साधारण ३५० ते ५०० किलो ब्राँझ.

चौथरा उंच असेल तर खालून बघणाऱ्याला डोकं मागे पडलेलं आणि लहान दिसतं. मान किंचित पुढे घ्या, डोकं थोडं मोठं धरा. साडेसात डोक्यांच्या उंचीचा माणूस सात डोक्यांचा केला तरी चालतो, मात्र पाय लांब करून उंची वाढवू नका, खालून बघताना पाय आधीच लांब दिसतात. प्रतिकृती प्रमाणात उंच स्टुलावर ठेवून, जमिनीवर बसून, मोबाइलने फोटो काढा. पाच मिनिटांत सगळं कळतं.

तोंड कुठल्या दिशेला हेही आत्ताच ठरवा. नाशिक सुमारे २० अंश उत्तरेला आहे, त्यामुळे वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून येतो. उत्तराभिमुख पुतळ्याचा चेहरा जवळजवळ वर्षभर सावलीत. त्यात गडद रंगाचं ब्राँझ आणि डोक्यावर पगडी किंवा जिरेटोप असेल तर लोकांना फक्त काळी आकृती दिसणार. दिशा बदलता येत नसेल तर डोळ्यांच्या खोबण्या थोड्या उथळ ठेवा आणि बुबुळाचं भोक खोल घ्या, म्हणजे नजर हरवत नाही.

सांगाडा

इथे घाई करणारा नंतर महिनाभर रडतो.

९ फुटी आकृतीसाठी मुख्य खांब अडीच-तीन इंची लोखंडी पाइपचा, पुतळ्याच्या मागे उभा, आणि त्यातून निघालेला दांडा कमरेच्या खाली पाठीतून आत शिरलेला. पाय मोकळे दिसायचे असतील तर हाच मार्ग. पायांत एक इंची पाइप, हातांत १२ मिलिमीटरची सळई, बोटांत ॲल्युमिनियमची जाड तार. छाती आणि पोट भरीव मातीचं करू नका : सळयांचा पिंजरा करून त्यावर जाळी बांधा, आत थर्माकोल भरा. माती निम्म्यावर येते.

सांगाड्याचं कुठलंही लोखंड बाहेरच्या पृष्ठभागापासून किमान दोन इंच आत असलं पाहिजे. काम ऐंशी टक्के झाल्यावर गुडघा अर्धा इंच आत घ्यायची वेळ येते आणि मातीतून पाइप डोकावतो, हा प्रसंग हमखास घडतो. टाळायचा तर प्रतिकृतीवर दर दोन इंचांवर आडव्या रेषा मारून प्रत्येक रेषेवरची रुंदी-खोली वहीत लिहा, गुणोत्तराने वाढवा आणि त्या मापांच्या आत सळया वाकवा. थ्रीडी स्कॅन करून थर्माकोल मशिनवर कापून घेण्याची सोय आता झाली आहे. वेळ वाचतो, पण वरची दोन-तीन इंच माती हातानेच चढवा. नुसत्या स्कॅनवरून मोठा केलेला पुतळा फुगवलेल्या फुग्यासारखा दिसतो, कारण लहान प्रतिकृतीतली बोथट कड मोठी होऊन येते.

माती घसरू नये म्हणून लाकडाच्या दोन पट्ट्यांची फुली बांधून ती तारेने सांगाड्याला लटकवतात. तिला फुलपाखरू म्हणतात. हनुवटीखाली, काखेत, कोपरात, धोतराच्या सोग्यात, जिथे जिथे माती लटकते तिथे फुलपाखरू हवंच. लाकडाला आधी चपडा किंवा व्हार्निश मारा. कोरडं लाकूड मातीतलं पाणी पिऊन फुगतं आणि नेमक्या गालावर भेग पडते. लोखंडाला रेड ऑक्साइड मारा, नाहीतर शाडूवर तांबडे डाग उमटतात.

माती

शाडू गुजरातेतून येते आणि गणपतीच्या कारखानदारांची खरेदी सुरू झाली की टंचाई आणि भाव दोन्ही वाढतात. मोठ्या कामाची माती होळीच्या आधीच भरून ठेवा. जुनी, पुन्हा भिजवलेली, थोडा वास मारणारी माती नव्यापेक्षा चांगली. ती चिकट असते आणि कमी तडकते.

भरताना मुठीएवढे गोळे दाबून, एकात एक मिसळत भरा. नुसते चिकटवलेले गोळे वाळताना वेगळे होतात. आधी सगळं शरीर कपड्यांशिवाय उभं करा, मग कपडे चढवा. समितीतलं कुणी त्या टप्प्यावर भेट द्यायला येणार असेल तर पुतळ्यावर चादर टाकून ठेवा, एवढं शहाणपण हवं.

नाशिकच्या हवेचा त्रास दोन टोकांचा. हिवाळ्यातला कोरडा वारा आणि एप्रिल-मेची उष्णता कान, नाक, बोटं, पदराची कड आधी वाळवते. मधलं धड ओलं आणि कडा कोरड्या, म्हणजे भेग ठरलेली. दिवसातून तीन वेळा फवारा, कडांना ओलं सुती फडकं, वरून प्लास्टिक. पावसाळ्यात उलट : आतून माती मऊ राहते आणि वजनाने खाली बसते. रोज सकाळी जमिनीपासून हनुवटीची उंची मोजून खांबावर खूण करा. दोन दिवसांत अर्धा इंच खाली आली तर सांगाडा वाकतोय, थांबा आणि टेका द्या.

मातीची उंची निविदेतल्या मापापेक्षा जास्त ठेवा. मेण आकसतं, ब्राँझ साधारण दीड टक्का आकसतं. दोन्ही मिळून ९ फुटांत दोन-अडीच इंच जातात. मातीत नेमका ९ फूट केलेला पुतळा धातूत पावणेनऊ फुटांच्या आसपास भरतो आणि मोजमाप पुस्तिका घेऊन आलेला अभियंता बिल अडवतो. त्याचं बरोबरच असतं.

क्ले मॉडेलची तपासणी

कला संचालनालयाचे अधिकारी पाहायला येतील तेव्हा पुतळा शक्य तितका उजेडात, चौथऱ्याच्या उंचीचा अंदाज येईल असा उभा हवा. फोटो, संदर्भ आणि प्रतिकृती शेजारी मांडा. सूचना आल्या की तिथल्या तिथे लिहून घ्या आणि सही मागा. तोंडी सूचनेवर बदल केला आणि पुढच्या भेटीत दुसऱ्याने उलट सांगितलं, की दाद कुणाकडे मागणार? नातेवाइकांना, कार्यकर्त्यांना एकाच दिवशी बोलवा. रोज दोघं येऊ लागले तर नाक रोज बदलतं.

मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत साच्याला हात लावू नका, उद्घाटनाची तारीख कितीही जवळ असो.

साचा

प्लास्टरच्या मोडीच्या साच्यात माती संपते आणि साचाही फोडावा लागतो, म्हणजे संधी एकच. पत्र्याच्या पातळ पट्ट्या मातीत खोचून भाग पाडा. रेष कानामागून, बाहीच्या शिवणीवरून न्या, चेहऱ्यावरून नाही. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, प्लास्टरमध्ये पाणी ओतायचं नाही, नाहीतर गाठी होतात. पहिला थर ५-६ मिलिमीटरचा आणि त्यात थोडी नीळ. नंतर साचा फोडताना छिन्नीखाली निळं दिसलं की समजायचं, मूळ पृष्ठभाग जवळ आला, हात हलका करा. वरचा थर काथ्या बुडवून, एकूण जाडी इंच-दीड इंच. पावसाळ्यात प्लास्टर लवकर सुकत नाही, ओल्या साच्यात फायबर नीट बसत नाही.

साच्यातून फायबरची प्रत काढा आणि तिच्यावर शेवटचा हात फिरवा. हीच तुमची मूळ प्रत. ओतकाम बिघडलं तर हिच्यावरूनच पुन्हा उभं राहता येतं. रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूच्या मॅटचे चार थर, ४ ते ६ मिलिमीटर जाडी पुरते. एक गोष्ट ठळक लिहून भिंतीवर लावा : रेझिन घट्ट करणारी दोन रसायनं, कोबाल्ट आणि हार्डनर, एकमेकांत थेट कधीच मिसळायची नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग वेगळा हार्डनर, रेझिनच्या १ ते २ टक्के. एप्रिलच्या दुपारी टक्क्याच्याही खाली आणा, नाहीतर डब्यातच घट्ट होऊन धूर येतो.

भट्टी

बहुतेक शिल्पकार ओतकाम दुसऱ्याकडून करून घेतात. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत फाउंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत, पण यंत्राचे सुटे भाग ओतणारा आणि पुतळा ओतणारा यांत फरक आहे. आधी हाताचा एक पंजा किंवा अर्धपुतळा ओतून बघा.

मेणाच्या पद्धतीत मूळ प्रतीवर रबराचा साचा करून आत ५-६ मिलिमीटर मेण चढवतात. ९ फुटी पुतळ्याचे बारा ते वीस तुकडे होतात. प्रत्येक मेणाचा तुकडा स्वतः जाऊन तपासा, कारण मेणावर गरम सुरीने पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती धातूत पाच तास घेते. मग आत-बाहेर विटांची भुकटी आणि प्लास्टरचं आवरण, धातू आत जायच्या आणि हवा बाहेर जायच्या नळ्या, आतला गाभा जागेवर धरायला खिळे. साचा ६००-७०० अंशांपर्यंत दोन-तीन दिवस भाजून मेण आणि ओल पूर्ण घालवतात. ओल राहिली तर ११०० अंशांच्या वर तापलेला रस पडताक्षणी वाफ होऊन उसळतो, माणसं भाजतात. भाजणीचे दिवस वाचवणाऱ्या भट्टीवाल्याकडे काम देऊ नका, दर कितीही कमी असो.

धातूचं प्रमाण निविदेत बहुधा ८५-५-५-५ असतं : ८५ टक्के तांबं, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. भंगारातून ओतलं की जस्त वाढतं, पिवळेपणा येतो, पुढे रंगही नीट धरत नाही. प्रत्येक वितळणीतला बोटाएवढा तुकडा बाजूला काढून, त्यावर तारीख ठोकून ठेवा आणि औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. अहवाल बिलाबरोबर लागतोच. तुकडे आले की वजन करा. अंदाजापेक्षा वजन पंधरा-वीस टक्के कमी असेल तर कुठेतरी जाडी कमी पडली आहे. अल्ट्रासॉनिक मापकाने नेमकी जागा सापडते.

बिघाड तीन दिसतात. रस दोन बाजूंनी येऊन भेटला पण एकजीव झाला नाही, तिथे केसासारखी रेष राहते. तिला वरून घासून लपवू नका, कापून पुन्हा जोडा. दुसरा, सुईच्या टोकाएवढी भोकं : हवा किंवा वायू अडकलेला. तिसरा कपटी. आतला गाभा पुरता काढलेला नसतो आणि लोखंडी खिळे तसेच राहतात. गाभ्यात ओल धरते, खिळे गंजतात, आणि दोन पावसाळ्यांनी महापुरुषाच्या छातीवर तांबडा ओघळ येतो. जोडण्याआधी प्रत्येक तुकडा उलटा करून बॅटरी मारून बघा.

तुकडे आर्गॉन वेल्डिंगने, सिलिकॉन ब्राँझच्या रॉडने जोडतात. जोड घासल्यावर तिथला पोत छिन्नीने परत आणावा लागतो. गुळगुळीत पट्टा राहिला की रंग चढवल्यावर शिवण उठून दिसते. घासकामाच्या धुळीत शिसं असतं, मास्क घाला आणि तिथे चहा पिऊ नका.

रंग रसायनांचाच, ऑइल पेंटचा नाही. पोटॅशियम सल्फाइडने गडद तपकिरी, फेरिक नायट्रेटने तांबूस. धातू टॉर्चने तापवून, थेंब टाकला की चुरचुरेल इतका, पातळ फवारे द्यायचे. उठावाच्या जागा हलक्या घासून उजळ करा, वरून मेण.

पोटातलं पोलाद, पायातला मुरूम

ब्राँझच्या आतला आधार स्टेनलेस स्टीलचा, ३०४ किंवा ३१६ प्रतीचा. साधं लोखंड ब्राँझला टेकून ओलं झालं की ते नेहमीपेक्षा झपाट्याने गंजतं. दोन वेगवेगळे धातू आणि पाणी मिळून बॅटरी तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं. पाणी आत शिरणारच, म्हणून तळव्यात, बाहीच्या टोकात, पदराच्या खोलगट भागात निचऱ्याची भोकं ठेवा.

वारा किती लोटतो ते स्वतः काढून बघा. भारतीय मानकानुसार नाशिकला वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरतात. त्यावरून दाब प्रति चौरस मीटर सुमारे ९३ किलो. ९ फुटी पुतळ्याचं समोरचं क्षेत्र सव्वादोन चौरस मीटर धरलं तर सुमारे २०० किलोचा लोट, तोही पुतळ्याच्या तळापासून सरासरी १.४ मीटरवर. म्हणजे उलथवणारं बळ २८० किलो-मीटरच्या घरात. ४०० किलोचा पुतळा ८० सेंटिमीटर रुंद तळावर नुसता ठेवला तर त्याचं वजन १६० किलो-मीटरच रोखतं. ‘एवढा जड आहे, कुठे जातोय’ हे वाक्य या हिशेबापुढे टिकत नाही. हा ढोबळ अंदाज. बोल्टांची जाडी, संख्या आणि काँक्रीटमधली खोली स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीच्या आराखड्यातूनच घ्या.

काळ्या मातीवर चौथरा बांधला तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, चौथरा कलतो. मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत पाया खाली न्यावा लागतो. चौथरा बहुधा सिव्हिल ठेकेदार करतो, म्हणून बोल्टांच्या जागेचा प्लायवुडचा साचा तुम्ही कापून द्या आणि काँक्रीट पडताना तिथे उभे राहा. अर्ध्या इंचाची चूक क्रेन उभी असताना दुरुस्त होत नाही.

वाहतुकीला पुतळा आडवा, खाली वाळूची पोती आणि जुने टायर. ठाणे-मुंबईकडच्या भट्टीतून आणायचा तर कसारा घाट रात्री, सावकाश. उचलताना पट्टे वापरा, साखळी नाही. गळ्यात पट्टा कधीच घालू नका, काखेतून आणि आतल्या कड्यातून घ्या. आदल्या दिवशी चौकातल्या विजेच्या तारांची उंची बघून या.

पैसा आणि तारखा

सुरुवात शाळा, पतसंस्था, कुटुंबं यांच्या फायबर अर्धपुतळ्यांनी होते. तीन अर्धपुतळे, एक पूर्णाकृती, एक उठावशिल्प, एवढे उत्तम फोटो जमले की मोठ्या शिल्पकाराच्या हाताखाली किंवा ठेकेदाराच्या उपकंत्राटावर काम मिळू लागतं. स्वतः निविदा भरायची तर महाटेंडर या राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर नोंदणी, डिजिटल स्वाक्षरी, बयाणा रक्कम आणि पूर्वीच्या कामाचे दाखले लागतात.

उपकंत्राटात नवखा चेपला जातो, कारण खात्याचे पैसे आले की देतो, असं ठेकेदार म्हणतो. करारात टप्पे लिहा : कार्यादेशाला ३० टक्के, क्ले मॉडेलच्या मंजुरीला ३०, ओतकाम पूर्ण झाल्यावर ३०, बसवल्यावर १०. मंजुरी लांबली तर माती ओली ठेवण्याचा महिन्याचा खर्च कोण देणार, तांब्याचा भाव ठरलेल्या टक्क्यापेक्षा चढला तर फरक कोण भरणार, साचा कुणाच्या मालकीचा आणि त्यावरून दुसरी प्रत काढता येईल का, ही कलमंही घाला. दोषदायित्वाचा, म्हणजे दोष निघाल्यास स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, काळ किती वर्षांचा आणि त्यात फुलं-दुधाने पडलेले डाग येतात का, तेही.

अनावरण जयंतीलाच होतं : १९ फेब्रुवारी, ११ एप्रिल, १४ एप्रिल. तारीख हलत नाही, म्हणून मागे मोजत या. ९ फुटी कामाला प्रतिकृतीचा महिना, मातीचे दोन, साच्याचे तीन आठवडे, मेण-ओतकामाचे अडीच-तीन महिने, जोडकाम आणि रंग महिना-दीड महिना, बसवायला आठवडा. १४ एप्रिलसाठी क्ले मॉडेलची मंजुरी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हातात हवी. जानेवारीत मंजुरी मिळाली तर ‘आत्ता फायबरचा बसवू, नंतर ब्राँझचा’ असा तोडगा निघतो. तो लेखी असल्याशिवाय मान्य करू नका, नंतरचा ब्राँझचा अनेकदा येतच नाही.

हार

जयंतीच्या दिवशी पुतळ्यावर माणूस चढतो. चढू नये असं लिहून उपयोग नाही, चढण्याची सोय करून ठेवा. चौथऱ्याच्या मागे स्टेनलेसच्या पायऱ्या आणि वर दोघं उभे राहतील एवढी फळी, नाहीतर शिडी थेट ब्राँझच्या खांद्याला टेकते आणि रंग खरवडला जातो. मोठ्या हाराचं वजन पुढे आलेल्या हाताने किंवा तलवारीने घेऊ नये, म्हणून खांद्यामागे पदराच्या किंवा कॉलरच्या आड एक जाड आकडा ओतकामातच घ्या. पुढे आलेला हात मनगटात किती जाड आहे हे रचनेच्या वेळीच बघा, कारण वर्षातून एक दिवस त्याला धरून कुणीतरी उभं राहणार आहे.

ताब्यात देताना संस्थेला एका पानाची सूचना द्या. जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी हार, गुलाल, दूध साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचं, ॲसिड किंवा पितांबरी लावायची नाही. पावसाळ्याआधी निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायची, दिवाळीनंतर मेणाचा एक हात द्यायचा, बोल्ट वर्षातून एकदा तपासायचे. ते पान फाइलमध्ये हरवतं. त्यामुळे तेच चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, देखभालीच्या झाकणाच्या आत, स्टेनलेसच्या पट्टीवर कोरून बसवा, आणि झाकणाची एक किल्ली स्वतःकडे ठेवा.